साध्या पाण्याचा पेला

सातही पेले चाखून झाले, फिक्यापासून खाऱ्यापर्यंत ओळीने लावून झाले, आणि एकदा खात्री करावी म्हणून ती सगळ्यात फिक्या पेल्याकडे परत आली, तर तिथेही मीठ होतं. फार नव्हतं. पण होतं. हा पेला साध्या पाण्याचा असायला हवा होता. सातांतला एक नेहमीच साध्या पाण्याचा असतो, चाखणाऱ्याची जीभ खरं बोलते की ठोकून देते ते कळावं म्हणून. तिने आणखी एक घोट घेतला, गालांत फिरवला आणि समोरच्या लहानशा बेसिनमध्ये थुंकला. डोक्यावर लाल दिवा होता. चाखायच्या खोलीत दिवा लालच असतो, कारण सूप तांबडं आहे की पिवळं हे एकदा दिसलं की जीभ लगेच डोळ्यांची री ओढायला लागते. दोन्ही बाजूंना लाकडी आडोसे होते, शेजारच्याचं वाकडं झालेलं तोंड दिसू नये म्हणून. समोर भिंतीत सरकती खिडकी आणि पलीकडे प्रयोगशाळा. बावीस वर्षं ती या दीड हात रुंदीच्या खोपट्यात बसून कारखान्याचं सूप, बिस्किटं आणि वेफर्स चाखत आणि थुंकत आली होती. दुकानातले तराजू तपासतात तशा इथे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांच्या जिभा तपासत, आणि साध्या पाण्याला जो खारट म्हणेल त्याची त्याच दिवशी सहा महिन्यांसाठी पॅकिंगमध्ये रवानगी होत असे. नियम कडक होता आणि तो तिनेच केला होता. अकरा वर्षांपूर्वी मुख्य चाखणारी झाल्याझाल्या केला, आणि पुढच्याच महिन्यात एका चष्मेवाल्याला त्या नियमाने घालवलंही. तो बिचारा दारात उभा राहून म्हणत होता, "ताई, मला लागलं ते मी लिहिलं." ती त्यावर हसली होती. सगळ्यांदेखत हसली होती.

आता तिला हसू येत नव्हतं. समोर कागद होता, कागदावर सात आकडे, आणि प्रत्येकापुढे 'साधं' की 'खारट' एवढंच लिहायचं. सहांपुढे लिहून झालं होतं. सातव्यापुढे पेन्सिल अडली होती. 'साधं' लिहिलं की सुटका. गेल्या महिन्यात तिने तेच केलं होतं. तेव्हाही लागलं होतं, पण पुसट, म्हणून मनाची समजूत घालून लिहून टाकलं. बावीस वर्षांत लिहिलेलं पहिलं खोटं, आणि ते नेमकं साध्या पाण्याबद्दल! कारखान्यात तिला मोजपट्टी म्हणत. तोंडावर ताई आणि पाठीमागे मोजपट्टी, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचं नावच तिला जास्त आवडायचं. नव्या मुलींना साहेब अभिमानाने सांगायचे, की बायांनो, यंत्र चुकेल पण ही बाई चुकायची नाही. घरात, नात्यात, रस्त्यात कुणी तिला कशात फारसं विचारत नसे. दिसायला चारचौघींसारखी, शिक्षण बेताचं, गाता गळा नाही. जीभ तेवढी होती. ती आज नापास झाली तर उद्यापासून पॅकिंगमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावायची आणि मोजपट्टी हे नाव हळूहळू विसरलं जायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. राग आला, आणि हा राग नेमका कुणावर काढायचा तेच तिला कळेना.

राग सहा आठवड्यांपूर्वीचा होता. वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुस्स करून हवा सोडली, परत गुंडाळला, आणि एकशे अठ्ठ्याहत्तर असा आकडा सांगितला. खालचा एकशे सहा. "चक्कर येते? डोकं दुखतं?" "नाही." "काम काय करता?" "मीठ चाखते." डॉक्टरीणबाई वयाने तिच्या भाचीएवढी, तिला वाटलं पेशंट गंमत करतोय. मग सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाली, "गिळत नाही ना? मग तिथलं ठीक आहे. घरचं बघा. सकाळी एक गोळी, आणि दिवसभराचं मीठ सगळं मिळून सपाट अर्धा चमचा. ब्रेडमधलं, चीजमधलं, बिस्किटातलं, सगळं धरून." "सगळं धरून म्हणजे वरून काहीच नाही." "बरोबर बोललात," असं म्हणून तिने एक छापील कागद हातात दिला. त्या कागदावर काय खाऊ नये त्याची यादी पहिल्या पानभर होती आणि काय खावं ते मागच्या बाजूला चार ओळींत. यादीत कारखान्यात होणारं सगळं होतं. सूपची पाकिटं, वेफर्स, खारी बिस्किटं, सगळी तिच्या सहीने बाहेर पडलेली. घरी येईपर्यंत ती फणफणत होती. माझ्या जिभेला कुणी शिकवायला नको, ती स्वतःशीच म्हणाली, आणि त्या दिवशी मुद्दाम, अगदी ठरवून, तिने उकडलेल्या बटाट्यावर दुप्पट मीठ घातलं. पहिला घास तोंडात घालताना तिला आई आठवली. दुसरा घास तिने घेतला नाही.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. बटाटा ओल्या पुठ्ठ्यासारखा लागायचा, अंडं कशासारखंच लागायचं नाही. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्याला कुठल्याही संकटात मोहीम काढायची हौस. "मीपण तुझ्याबरोबर अळणी खाणार," त्याने जाहीर केलं, "आपण दोघं एका होडीत." घरातलं मीठ त्याने समारंभपूर्वक शेजारणीला देऊन टाकलं. तेव्हापासून तो प्रत्येक घासाला असा सोशिक चेहरा करायचा, की तिला त्याच्या डोक्यात पातेलं घालावंसं वाटे. चौथ्या आठवड्यात एकदा जेवण झाल्यावर तिने त्याच्या ताटातला चमचा उचलला आणि पातेल्याच्या तळाचा बटाटा खरवडून तोंडात घातला. जीभ जागी झाली. तिने चमचा उजेडात धरला. "अहो, खिशात काय आहे?" "कुठे काय?" "काडेपेटी काढा." "तुला काय वाटतं, मी या वयात सिगारेट ओढायला लागलो?" "त्याहून वाईट करताय. काढा." काडेपेटी निघाली. तिच्यात काड्या नव्हत्या, मीठ होतं. तीन आठवडे गृहस्थ टेबलाखाली हात नेऊन चिमूट चिमूट पेरत होते. "पण तुला कळलं कसं?" तो खरोखरच चकित झाला होता, "चमचा मी चाटून पुसून स्वच्छ केला होता गं." ती हसायला लागली. इतकी हसली, की तोही हसला. "मीठ खा बापडे, उघड खा," ती म्हणाली, "पण माझ्यासमोर हुतात्मा होऊन बसू नका." तो हसत हसत ताटं उचलून घेऊन गेला, आणि ती तशीच बसून राहिली, कारण तिला आत्ताच कळलं होतं, की चाटून पुसून स्वच्छ केलेल्या चमच्यावरचं मीठ तिला याआधी जन्मात कधी लागलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस ती कुणाला सांगू शकली नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. टोमॅटोला आधी आंबट चव असते, मग गोड, आणि देठापाशी एक हिरवट वास, हे तिला पन्नाशीत कळलं. बटाट्याला माती असते. अंड्याच्या पिवळ्यात स्वतःचंच थोडं मीठ असतं आणि तेवढं पुरतं. गाजर सोलताना ती ओट्याशी उभ्या उभ्या अख्खं खाऊन टाकायची. नळाचं पाणीसुद्धा घरी गोड लागायचं. आकडा उतरत होता. एकशे साठ, मग एकशे बावन्न, परवा एकशे अडतीस, आणि डॉक्टरीणबाईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं होतं, की जणू पेशंटने आपली लाज राखली. "हे सोडायचं नाही हं," ती म्हणाली, "सोडलंत की गाडी परत वर." सोडायचा प्रश्नच नव्हता. फक्त कारखान्यात काहीतरी बिनसलं होतं. तिथे खोपट्यात बसलं, की चूळ भरल्या क्षणापासून तोंडात पातळ, राखाडी असं काहीतरी पसरायचं. तिला वाटायचं, आपली जीभ बिघडली. वाटायचं की मनाचे खेळ आहेत. आणि आज सातव्या पेल्यापाशी पेन्सिल धरून बसल्यावर तिला कळलं, की आपण इतका वेळ जिभेला विचारतच नाही आहोत. आपण विचारतो आहोत ते वेगळंच काहीतरी.

चालेल का गं? हे आई विचारायची. दोन खोल्यांचं घर, बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आणि त्यांचं जेवणाचं ताट वाढण्याआधी आई डावातलं गरम थेंबभर तिच्या तळहातावर टाकायची आणि दबक्या आवाजात विचारायची, चालेल का गं? कसं झालंय असं ती कधीच विचारत नसे. कारण कसंही झालेलं असो, बाबांना चाललं पाहिजे. बाबांनी कधी ताट भिरकावलं नाही, कधी आवाज चढवला नाही. मीठ कमी पडलं की ते पहिल्या घासाला थांबायचे, शांतपणे उठायचे, हात धुवायचे आणि उपाशी कामाला जायचे. बस्स. मग आईही दिवसभर जेवायची नाही, आणि घर असं मुकं व्हायचं, की बाहेर जाणाऱ्या सायकलच्या घंटीलासुद्धा ती दचकायची. सातव्या-आठव्या वर्षी तिची जीभ तयार झाली ती अशी. बाबांचा हात पाण्याकडे जाऊ नये म्हणून. थेंब तळहातावर पडला की ती डोळे मिटायची आणि अंधारात बाबांचा चेहरा आणायची, आणि त्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघून सांगायची, आई, चिमूटभर अजून. तिचं कधी चुकलं नाही. कारखान्यात नोकरीला आली तेव्हा इथल्या कागदावरही खाली तेच छापलेलं होतं: चालेल, चालणार नाही. तिला केवढं घरच्यासारखं वाटलं होतं! ग्राहक नावाचे आणखी एक बाबा कुठेतरी जेवायला बसले होते, आणि ती त्यांच्यासाठी डोळे मिटून चाखत होती. बावीस वर्षं.

आणि मग आईला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ अर्धी गेली, आणि तिला पातळ, बिनमिठाची पेज भरवायची असं ठरलं. आठ महिने. भरवायचे बाबा. मोजपट्टी सुट्टीच्या दिवशी जाऊन बघायची, तर बाबा आईच्या उशाशी बसलेले, चमच्याचा मागचा भाग ओठांना लावून ऊन किती ते बघताहेत, आईच्या ओठांवरून ओघळलेलं रुमालाने टिपताहेत. आणि वाटीत उरलेली ती अळणी पेज, वाया जायला नको म्हणून, ते स्वतः खायचे. वर एक चिमूटही न घालता. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, मीठ देऊ का?" तर ते म्हणाले, "कशाला? लागतं की चांगलं. सवय झाली." सवय झाली! लोक तिला म्हणायचे, बघ, तुझे बाबा किती करतात. आणि ती मान हलवायची, आणि आतल्या आत तिडीक तिच्या डोक्यात जायची ती अजून उतरलेली नव्हती. म्हणजे जमत होतं. म्हणजे एवढी वर्षं जमण्यासारखं होतं. महिना-दीड महिना दम धरला असता तर ती जीभ वळली असती, आई रोज दोन वेळा भीत भीत डाव ढवळत राहिली नसती, आणि एक आठ वर्षांची मुलगी तळहात भाजून घेत राहिली नसती. हे तिने बाबांना कधी म्हटलं नाही. ते गेले तेव्हाही नाही. आज, लाल दिव्याखाली, तिला ते पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत ऐकू आलं, आणि तिने पेन्सिल उचलून सातव्या आकड्यापुढे लिहिलं: खारट.

लिहिलं आणि कागद खिडकीतून सरकवला नाही. पर्समधून घरची पाण्याची बाटली काढली. घोट घेतला. गोड. मग खोपट्यातल्या नळाची चूळ भरली. खारट. परत घरचं. परत नळाचं. ती इतक्यांदा थुंकली, की पलीकडून खिडकी सरकली आणि प्रयोगशाळेतल्या केमिस्ट मुलीचा चेहरा दिसला. "ताई, बरं वाटत नाही का?" "हे साधं पाणी तू कुठलं घेतलंस?" "नळाचं." "आणि बाकीच्या सहा पेल्यांत मीठ मिसळलंस ते?" "त्याच नळाच्या पाण्यात. नेहमी तेच घेतो ना." केमिस्टने कागद वाचला. तिचा चेहरा पडला. "ताई, हे खोडा ना. कुणी बघितलं नाहीये अजून. मी दुसरा कागद देते." "खोडायचं नाही. मीठ मोजायचं यंत्र आण." "यंत्र शून्य दाखवतं ताई. मी सकाळीच लावलंय." "कशावर लावलंस?" मुलीने मागे वळून नळाकडे पाहिलं. यंत्राचा शून्य लावायचा तो उकळून वाफेचं गोळा केलेल्या शुद्ध पाण्यावर. पण ते पाणी करायचं भांडं दोन वर्षांपूर्वी फुटलं, नवीन मागवलं, ते आलंच नाही, आणि तेव्हापासून शून्यही त्याच नळावर लागत होता. "माझं घरचं पाणी घाल त्यात," मोजपट्टी म्हणाली आणि बाटली खिडकीतून पुढे केली. काटा शून्याच्या खाली गेला. केमिस्ट तो बघत राहिली. "खाली कसा जाईल?" ती पुटपुटली, "पाण्यापेक्षा कमी मीठ कशात असेल?" आणि मग तिचं तिलाच समजलं आणि ती फिटरला बोलवायला पळत गेली.

फिटरला दोष शोधून काढायला तासभर लागला. बॉयलरसाठी पाणी मऊ करायची टाकी असते, ती मधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावी लागते. त्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता, आणि दोन वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत कुणीतरी चाखायच्या खोलीचा नळ त्याच पाइपला जोडून मोकळा झाला होता. "रोज पितो की आम्ही हे पाणी," फिटर म्हणाला, "आम्हाला तर काही लागलं नाही." तो घोटभर पिऊन दाखवायलाही तयार होता. केमिस्टने मात्र कपाटातून जुन्या वह्या काढल्या आणि पानं उलटत बसली, आणि मग एक पान मोजपट्टीपुढे धरलं. चार नंबरचं सूप, टोमॅटोचं, कारखान्याचं सगळ्यात खपाचं. दोन वर्षांत त्यातलं मीठ तीनदा वाढवलं होतं. तिन्ही वेळा शेरा एकच होता. 'फिकं वाटतं, चिमूट वाढवावी.' खाली सही मोजपट्टीची. तिने ती सही पाहिली. मिठाच्या पाण्याने चुळा भरून, बसलेल्या जिभेने, डोळे मिटून, कुणाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे आणून तिने चाखलं होतं आणि वाढवा म्हटलं होतं. आणि लोकांनी खाल्लं होतं. बाहेर किती घरांत किती बायका दंडाला पट्टा बांधून बसल्या असतील, कोण जाणे, सगळंच काही त्या सूपमुळे नसणार, हे तिला कळत होतं. तरी तिला लाज वाटली. आजवर कधी वाटली नव्हती इतकी.

साहेबांनी बोलावलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. साहेब माणूस वाईट नव्हता, पोट सुटलेला, मोकळा हसणारा. उठून उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. "ताई, मानलं! यंत्र हरलं आणि तुम्ही जिंकलात. नळ उद्याच्या उद्या बदलतो." एकाएकी कळलं कसं, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने गोळी, अळणी जेवण, चमचा, सगळं सांगितलं. मग ते बसले, आणि त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवायला घेतला, तेव्हाच तिला कळलं, की खरं बोलणं आता येणार आहे. "पण आता असं बघा. चमच्यावरचं मीठ कळणारी जीभ घेऊन मी काय करू? लोकांची जीभ तशी नाही. आपण लोकांसाठी सूप करतो, तुमच्यासाठी नाही." "दोन वर्षांत आपण तीनदा मीठ वाढवलंय, साहेब. माझ्या चुकीने. ते खाली आणू या." "आणि लोक म्हणाले फिकं झालं, तर? शेजारचा कारखाना टपूनच बसलाय." "महिना-दीड महिना म्हणतील. मग नाही म्हणणार." साहेब हसले. "तुमच्या घरी नाही म्हणणार. बाजार म्हणजे तुमचा नवरा आहे का?" तिला काडेपेटी आठवली आणि अशा वेळीही हसू फुटेल की काय असं वाटलं. साहेब पुढे झुकले, आवाज मऊ केला. "ऐका माझं. सहा आठवडे पहिल्यासारखं जेवा. जीभ ताळ्यावर येईल. डॉक्टरला सांगून गोळी वाढवून घ्या, गोळ्या असतात कशासाठी? मी दोन घेतो, बघा कसा ठणठणीत आहे. तुमची खुर्ची तुमचीच. नाहीतर मग नाइलाज आहे, उद्यापासून पॅकिंग. बावीस वर्षं कंपनीचं मीठ खाल्लंत, जरा त्याला जागा." "खाल्लं कुठे, साहेब?" ती म्हणाली, "बावीस वर्षं थुंकलंच की." साहेबांचा पेपरवेट थांबला. हे आपण बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. पण बोलून झालं होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. "उद्या सकाळी सांगा," साहेब कोरडेपणाने म्हणाले, "आणि आज चार नंबरचा माल अडलाय तेवढा मोकळा करून जा. ट्रक उभे आहेत."

जिन्यावरून उतरताना तिचा हात कठड्यावर होता आणि तळव्यात नाडी ठणकत होती. एकशे किती झालं असेल आत्ता, तिने मनात म्हटलं, आणि मग म्हटलं, होऊ दे, हे मिठाने वाढलेलं नाही. खाली दिवाणखान्याएवढ्या पॅकिंगच्या खोलीत दहा-बारा बायका चिकटपट्टीचे रोल ओढत होत्या, चर्र चर्र असा एकसारखा आवाज येत होता. एकीने मान वर करून विचारलं, "काय मोजपट्टी, इकडे कुठे?" तोंडावर! तिला गंमत वाटली. "जागा बघून ठेवते," ती म्हणाली. त्या बाईला ती थट्टाच वाटली. तिथल्या कोपऱ्यात तो चष्मेवाला अजून होता, आता केस पिकलेले. सहा महिन्यांसाठी पाठवलेला माणूस अकरा वर्षं तिथेच राहिला होता आणि तिने कधी चौकशीसुद्धा केली नव्हती. ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. "तेव्हा मी हसले होते तुम्हाला," ती म्हणाली. "हसला होतात खरं," तो म्हणाला. "हसायला नको होतं." त्याने चष्मा वर सरकवला. "जाऊ द्या ताई," तो म्हणाला, "इथे निदान थुंकावं लागत नाही." आणि त्याने पुढचं खोकं ओढलं.

खोपट्यात लाल दिवा तसाच होता. खिडकी सरकली, केमिस्टने सूपचा पेला आत ठेवला, वाफाळता, आणि शेजारी कागद. खाली तेच छापलेलं, चालेल, चालणार नाही, आणि सहीची जागा. या सहीशिवाय एक पाकीट बाहेर जात नसे, आणि पाच वाजेपर्यंत सही तिचीच होती. उद्या दुसरं कुणीतरी बसेल आणि कदाचित हाच माल चालेल म्हणून सोडून देईल, हे तिला माहीत होतं. साहेब आत्ताही वरून खाली येऊन आरडाओरडा करतील, हेही माहीत होतं. तिने घरच्या पाण्याची चूळ भरली. पेला उचलला. डोळे मिटायची सवय, ते मिटायला लागले, आणि अंधारात कुणीतरी जेवायला बसलं, थांबलं, तिच्याकडे न बघता हाताकडे बघायला लागलं. तिने डोळे उघडले. उघड्या डोळ्यांनी, लाल उजेडात, तिने स्वतःच्या हाताने जन्माला घातलेलं ते सूप जिभेवर घेतलं. मीठ आधी आलं, मीठ मधे आलं, मीठ शेवटी आलं. त्यात टोमॅटो कुठेच नव्हता. तिने ते थुंकून टाकलं.

पेन्सिल बाजूला ठेवून तिने पेन घेतलं. 'चालेल' वर रेघ मारली. 'चालणार नाही' च्या आधी थोडी जागा होती, तिथे तिने अक्षर चांगलं काढून लिहिलं, 'मला'. सही केली. वेळ घातली, चार वाजून दहा मिनिटं. कागद खिडकीतून पलीकडे गेला. मग केमिस्ट अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, इथे असं कुणी लिहीत नाही." "माहीत आहे." "हे मी वर नेऊ?" "ने." "साहेब विचारतील, मी अडवलं का नाही." "सांग, अडवत होतीस, मी ऐकलं नाही." मुलगी जायला निघाली, दोन पावलं जाऊन परत आली आणि खिडकीत वाकली. "ताई, खरं सांगा. मी चाखलं तर मलाही खारट लागेल?" "आज नाही लागणार," मोजपट्टी म्हणाली. "सहा आठवडे लागतात."

मुलगी गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजल्या, वरचं दार उघडलं आणि लागलं. मोजपट्टीने बाटली उघडली. घोट घेतला, गालांत फिरवला, आणि बावीस वर्षांच्या सवयीने बेसिनवर वाकली. तशीच क्षणभर थांबली. मग सरळ बसली आणि पाणी गिळून टाकलं.